हातगुण तपासून पाहताना

पाठीत उसण भरली की आपल्याकडे अजूनही पायाळू माणसाचा शोध सुरू होतो. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याने दुखऱ्या पाठीला पाय लावला म्हणजे उसण उतरते, असा समज महाराष्ट्रात फार जुना आहे. कोणी हाडवैद्याकडे जातो, कोणी तालमीतल्या वस्तादाकडून अंग रगडून घेतो. शहरातल्या माणसापुढे आता आणखी एक पर्याय असतो, तो म्हणजे ऑस्टिओपॅथी. मान वळवताच होणारा 'कडाड' आवाज आणि रुग्णाच्या चेहऱ्यावर उमटणारे समाधान यांच्या चित्रफिती आपले विद्यार्थी मोबाइलवर रोज पाहतात, आणि वर्गात त्याबद्दल विचारतातही.

या सगळ्या उपचारांच्या मुळाशी असलेल्या अनुभवाला मराठीत एक सुंदर शब्द आहे : हातगुण. अमक्याच्या हाताला गुण आहे, असे आपण म्हणतो तेव्हा खोटे बोलत नसतो. दुखणे थांबलेले असते. पण येथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात. पहिला, या उपचाराने खरोखरच फरक पडतो का आणि किती? दुसरा, उपचार करणारा त्याचे जे कारण सांगतो ते बरोबर आहे का? ऑस्टिओपॅथीची ओळख करून देणाऱ्या माहितीपत्रकांत पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे गृहीत धरलेले असते आणि तेच दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर म्हणून पुढे केले जाते. आमचा आक्षेप मुख्यतः या सरमिसळीला आहे.

जन्मकथा

ऑस्टिओपॅथी हा शब्द ग्रीक भाषेतील हाड आणि व्याधी या अर्थांच्या दोन शब्दांपासून बनला आहे. या पद्धतीचा प्रवर्तक अँड्र्यू टेलर स्टिल (१८२८–१९१७) हा अमेरिकेच्या सीमावर्ती भागात वैद्यकी करणारा गृहस्थ. १८६४ साली मेंदूच्या आवरणाच्या दाहाने त्याची तीन मुले थोड्याच दिवसांत दगावली. उपचारांत त्या काळच्या वैद्यांनी कसूर केली नव्हती, पण त्यांच्यापाशी उपयोगी असे काही नव्हतेच. पाऱ्याचे क्षार, अफूचा अर्क आणि मद्य ही त्या काळची मोठी औषधे. या औषधांवरचा स्टिलचा विश्वास उडाला तो कायमचा, आणि १८७४ साली त्याने आपली नवी पद्धती जाहीर केली.

त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा : शरीर हे यंत्र आहे. त्याच्या रचनेत, विशेषतः हाडांच्या जुळणीत, दोष आला म्हणजे रोहिण्यांतून, म्हणजेच धमन्यांतून, होणाऱ्या रक्तप्रवाहाला अडथळा होतो आणि त्यातून रोग उद्भवतो. दोष हाताने दूर करा, रक्त मोकळे वाहू द्या, शरीर स्वतःला बरे करील. लहानपणी डोके दुखत असताना दोन झाडांमध्ये बांधलेल्या दोरावर मान टेकून आपण झोपलो आणि उठल्यावर डोकेदुखी गेली होती, ही हकीगत त्याने १८९७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. १८९२ साली त्याने मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे आपले विद्यालय काढले. पहिल्याच तुकडीत त्याने स्त्रियांनाही प्रवेश दिला, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

स्टिलला यश का मिळाले असावे? एक कारण सरळ आहे. त्याचे रुग्ण पारा आणि अफू यांच्यापासून वाचले. जेथे औषधच अपायकारक आहे तेथे औषध न देणारा वैद्य चांगला ठरतो, मग त्याचा सिद्धांत काहीही असो. दुसरे कारण असे की स्टिल आरंभी स्वतःची ओळख 'विजेच्या वेगाने हाडे बसवणारा' अशीच करून देत असे. म्हणजे तो एका जुन्या, लोकमान्य कारागिरीचा वारसदार होता. ही कारागिरी निरर्थक नव्हती. लंडनचे नामवंत शल्यचिकित्सक जेम्स पॅजेट यांनी १८६७ सालीच 'हाडवैद्य कोणते रुग्ण बरे करतात' या विषयावर व्याख्यान देऊन आपल्या व्यवसायबंधूंना बजावले होते, की त्यांच्यातले वाईट ते टाळा, पण चांगले ते शिका. दुखापतीनंतर दीर्घकाळ बांधून ठेवल्याने आखडलेला सांधा हाडवैद्याच्या एका हिसक्याने मोकळा होई, हे पॅजेट यांच्यासारख्यांना मान्य होते.

मात्र स्टिल सांध्यांपाशी थांबला नाही. मान पिळून डांग्या खोकला तीन दिवसांत बरा करता येतो, असाही दावा त्याने केला. डांग्या खोकला जीवाणूमुळे होतो हे आज शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. आखडलेल्या खांद्यावरचा अनुभव त्याने फुप्फुसावर नेऊन बसवला, आणि तेथे सिद्धांताचा पाय घसरला.

रचना बिघडली म्हणजेच दुखते का?

आजचे ऑस्टिओपॅथ स्टिलचे सगळेच दावे करीत नाहीत. पण 'रचना आणि कार्य यांचा अतूट संबंध आहे' हे वाक्य प्रत्येक परिचयलेखात असते. वाक्य इतके सर्वसामान्य आहे की त्याला विरोध करणे अवघड. हृदयाची झडप बिघडली की रक्ताभिसरण बिघडते, हे कोण नाकारील? प्रश्न असा आहे, की पाठ दुखते तेव्हा मणका 'सरकलेला' असतो का, आणि हाताने तो 'जागेवर बसतो' का?

१९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत, पाठदुखी मुळीच नसलेल्या ९८ व्यक्तींच्या कमरेच्या मणक्यांचे चुंबकीय प्रतिमाचित्रण करण्यात आले. त्यांपैकी फक्त ३६ टक्के लोकांच्या सगळ्या चकत्या निर्दोष आढळल्या. ५२ टक्के लोकांत निदान एक चकती फुगलेली होती, तर २७ टक्के लोकांत ती अधिक स्पष्टपणे बाहेर आलेली होती. या माणसांना दुखत काहीच नव्हते! याचा अर्थ चकतीमुळे कधीच दुखत नाही असा नव्हे. चेतामुळावर दाब आला तर पायात कळ जाते, हे खरेच आहे. परंतु रचनेतील दोष आणि वेदना यांचे नाते एकास एक नाही, एवढे यावरून निश्चित होते.

आता त्या 'कडाड' आवाजाकडे वळू. ऐकणाऱ्याला वाटते, हाड जागेवर बसले. प्रत्यक्षात सांध्याच्या पोकळीत एक चिकट द्रव असतो. सांध्याचे पृष्ठभाग झटक्याने दूर ओढले की द्रवातील दाब एकदम उतरतो आणि वायूची पोकळी तयार होते. सोडावॉटरची बाटली उघडताना दाब उतरून बुडबुडे येतात, त्याच जातीची ही घटना. लीड्स येथील संशोधकांनी १९७१ साली बोटांच्या सांध्यांवर प्रयोग करून तिचा अभ्यास केला, आणि २०१५ साली कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी आवाजाच्या क्षणी ही पोकळी निर्माण होताना प्रतिमांत टिपली. एकदा मोडलेले बोट लगेच पुन्हा मोडत नाही, सुमारे २० मिनिटे थांबावे लागते, हा तर प्रत्येकाचा अनुभव आहे. आवाज झाला म्हणजे काही तरी दुरुस्त झाले, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

बोटे हे मापनाचे साधन

ऑस्टिओपॅथीत निदानाचे मुख्य साधन म्हणजे प्रशिक्षित बोटे. आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे. कोणतेही नवे उपकरण आले की प्रथम एकच कसोटी लावतो. तीच वस्तू दोघांनी मोजली तर आकडा जुळतो का? उपकरण कितीही नाजूक असले तरी ही कसोटी त्याला टळत नाही.

या कसोटीवर सर्वांत दुबळी ठरते ती या पद्धतीची कवटीविषयक शाखा. स्टिलच्या विद्यालयाचा विद्यार्थी विल्यम सदरलँड याला कवटीची सुटी हाडे पाहताना कानशिलाच्या हाडाची तिरकस कड माशाच्या कल्ल्यासारखी वाटली. कल्ले श्वसनासाठी असतात, तेव्हा कवटीच्या हाडांतही श्वसनासारखी लयबद्ध हालचाल असली पाहिजे, असे त्याने अनुमान केले आणि १९३९ साली त्यावर पुस्तिका काढली. साधर्म्यावरून सुचलेली कल्पना विज्ञानात त्याज्य नसते. मात्र ती पुढे तपासावी लागते. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन उपचारकांनी त्याच १२ व्यक्तींच्या डोक्यावर हात ठेवून या लयीचे ठोके मोजले. तिघांचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत. तीन घड्याळे तीन वेळा दाखवू लागली तर आपण वेळेविषयी बोलण्याआधी घड्याळांविषयी बोलतो. येथेही तसेच करायला हवे होते. तरीही हा उपचार आजही चालू आहे, आणि तान्ह्या बाळांवरही केला जातो.

चाचण्या काय सांगतात?

पाठदुखीच्या बाबतीत मात्र चित्र इतके एकरंगी नाही. १९९९ साली शिकागो येथील एका चाचणीत, काही आठवड्यांपासून ते काही महिन्यांपर्यंत पाठ दुखत असलेल्या १५५ रुग्णांचे दोन गट तुलनेसाठी घेतले होते. एका गटाला नेहमीचे वैद्यकीय उपचार मिळाले, दुसऱ्याला ऑस्टिओपॅथीचे हस्तोपचार. १२ आठवड्यांनंतर दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच सुधारणा झाली. पण हस्तोपचाराच्या गटाला वेदनाशामक औषधे कमी लागली. वेदनाशामकांचे दुष्परिणाम लक्षात घेता हा फायदा क्षुल्लक म्हणता येणार नाही. २००४ साली ब्रिटनमध्ये १,३३४ रुग्णांवर झालेल्या चाचणीतही मणक्यांवरील हस्तोपचाराचा लहानसा ते मध्यम लाभ दिसला. तो वर्षभरात ओसरत गेला.

या चाचण्यांत एक अडचण होती. आपल्याला कोणता उपचार मिळतो आहे हे रुग्णाला ठाऊक होते. ती अडचण दूर करण्याचा प्रयत्न फ्रान्समध्ये झाला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ४०० रुग्ण होते. एका गटाला ऑस्टिओपॅथीचे खरे उपचार, दुसऱ्याला त्याच उपचारकांचा नुसता हलका स्पर्श. दोघांनाही दर दोन आठवड्यांनी एक अशी सहा सत्रे. तीन महिन्यांनी दैनंदिन हालचालींतील अडचण मोजली, तेव्हा १०० गुणांच्या मापावर दोन गटांतील फरक ३.४ गुणांचा निघाला. वेदनेतील फरक १०० पैकी अवघा १ गुण, म्हणजे नसल्यासारखाच. संख्याशास्त्राच्या दृष्टीने पहिला फरक खरा असला, तरी रुग्णाला तो जाणवेल इतका मोठा नाही, असे संशोधकांनीच म्हटले.

या सर्वांचा मेळ असा बसतो : हस्तोपचाराने पाठदुखीत काहीसा आराम मिळतो, तो व्यायामासारख्या इतर मान्य उपायांइतकाच असतो, आणि त्यातला बराच भाग त्या विशिष्ट तंत्राचा नसून हात लावण्याचा, लक्ष देण्याचा आणि काळाचा असावा.

मग बरे का वाटते?

बहुतेक पाठदुखी आपोआप काही दिवसांत किंवा आठवड्यांत कमी होते. शिवाय दुखणे रोज सारखे नसते, चढते, उतरते. माणूस उपचारकाकडे जातो ते दुखणे शिगेला पोचल्यावर. शिगेनंतर उतार येणारच. पायाळूचा पाय, स्टिलचा दोर आणि उसणीवरचा लेप या तिघांच्याही वाट्याला हे श्रेय सारखेच येते.

पण सगळेच श्रेय काळाला देणेही अन्यायाचे होईल. कोपर आपटले की आपण ते चोळतो. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडलेल्या 'द्वार-नियंत्रण' सिद्धांतानुसार, स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशांची वाट काहीशी अडवतात. त्या सिद्धांतात पुढे पुष्कळ सुधारणा झाल्या. पण वेदना ही केवळ दुखऱ्या जागेची नसून मज्जारज्जू आणि मेंदू तिला कमीजास्त करतात, ही त्याची मध्यवर्ती कल्पना टिकून आहे. भीती कमी झाली, कोणी शांतपणे ऐकून घेतले, 'हालचाल करा, काही होत नाही' असा धीर दिला, तर आखडलेले स्नायू सैल पडतात. गर्दीच्या दवाखान्यात दोन मिनिटांत चिठ्ठी हाती पडणाऱ्या रुग्णाला अर्धा तास देणारा उपचारक देवासारखा वाटला तर नवल नाही. हा आधुनिक वैद्यकाने आपल्यावर ओढवून घेतलेला दोष आहे, आणि ऑस्टिओपॅथीवर टीका करताना तो मान्य केला पाहिजे.

सावधानता

एवढे असेल तर चुकीच्या सिद्धांताने बिघडते काय? बिघडते. मणका सरकला म्हणूनच दुखते, असे मानणारा मणका सोडून दुसरे कारण शोधत नाही. आपल्या देशात पाठीच्या मण्यांचा क्षयरोग दुर्मीळ नाही. त्यात मणका आतून पोखरलेला असतो. अशा मणक्यावर जोर देणे म्हणजे मज्जारज्जूला इजा होण्याचा धोका पत्करणे. म्हणून पाठदुखीबरोबर ताप, घटणारे वजन, रात्रीही न थांबणारी कळ, पायांतील ताकद कमी होणे, जननेंद्रियांभोवती बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही असेल, किंवा मोठी दुखापत, कर्करोग वा ठिसूळ हाडे असा पूर्वेतिहास असेल, तर आधी डॉक्टरकडेच गेले पाहिजे. ताकद किंवा ताबा जात असेल तर एक दिवसही थांबू नये.

मानेला दिलेला झटका ही दुसरी काळजीची गोष्ट. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतील छिद्रांतून वर जातात. त्यांच्या अस्तराला चीर पडली तर रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. असे क्वचितच घडते. शिवाय धमनीला आधीच चीर पडल्यामुळे मान दुखते आणि म्हणूनच माणूस उपचारकाकडे जातो, असेही काही वेळा घडते. तेव्हा प्रत्येक घटनेचा दोष झटक्याला देणे म्हणजे हातगुणवाल्यांचीच चूक उलट्या बाजूने करणे होय. पण लाभ थोडा आणि संभाव्य हानी आयुष्यभराची असेल, तर झटका टाळणे शहाणपणाचे. मित्राने चित्रफीत पाहून मित्राची मान मोडणे हे तर वर्गात स्पष्ट शब्दांत मना केले पाहिजे.

पदव्यांबद्दलही गोंधळ असतो. अमेरिकेत ऑस्टिओपॅथीच्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारे आज पूर्ण अर्थाने डॉक्टर असतात. औषधे देतात, शस्त्रक्रिया करतात. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने ऑस्टिओपॅथांची नोंदणी होते, पण ते हस्तोपचारक असतात, डॉक्टर नव्हेत. तेव्हा 'परदेशात मान्यता आहे' हे वाक्य ऐकले की कोणत्या देशात आणि कशाला, असे विचारावे. कायद्याची मान्यता व्यवसायाला मिळते. सिद्धांताला ती प्रयोगानेच मिळवावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. तासन् तास फळ्यापुढे उभे राहणारे आणि रात्री वाकून वह्या तपासणारे शिक्षक त्यांत असणारच. या संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीसाठी दिलेल्या मार्गदर्शनात व्यायाम, समजावणी यांच्याबरोबर मणक्यांवरील हस्तोपचार आणि मालीश यांनाही सशर्त जागा दिली आहे; कमरेचे पट्टे आणि ताण देण्याचे उपचार मात्र नेहमीसाठी नकोत असे म्हटले आहे. आमचे मतही याच दिशेचे आहे. जाणत्या, प्रशिक्षित हाताकडून पाठ मोकळी करून घ्यायला हरकत नाही. पण तिच्या जोडीला चालणे आणि व्यायाम हवा, आणि पाठीच्या उपचाराने दमा, कानाचे विकार किंवा बाळाचे रडणे बरे होईल असे कोणी सांगू लागला, तर तेथून उठावे.

वर्गासाठी एक प्रयोग

शेवटी, हा विषय वर्गात न्यायचा असेल तर दोन फासे पुरेत. समजा ६० विद्यार्थी आहेत. प्रत्येकाने दोन फासे टाकावेत. येणारी बेरीज म्हणजे त्याचे 'आजचे दुखणे'. ज्यांची बेरीज १० किंवा अधिक, ते 'रुग्ण'. असे साधारण १० जण निघतील आणि त्यांची सरासरी १०.७ च्या आसपास असेल. शिक्षकांनी त्यांपैकी निम्म्यांच्या पाठीवर थोपटून 'उपचार' करावा. उरलेल्यांना तसेच ठेवावे. मग दहाही जणांनी पुन्हा फासे टाकावेत. सरासरी ७ च्या जवळपास उतरेल. थोपटलेल्यांचीही आणि न थोपटलेल्यांचीही! गट लहान असल्याने आकडे थोडे मागेपुढे होतील. म्हणून प्रयोग पाच-सहा वेळा करून सगळे आकडे फळ्यावर मांडावेत.

मग मुलांना विचारावे : फक्त थोपटलेल्यांचेच आकडे तुम्हांला दाखवले असते, तर तुम्ही काय म्हटले असते? वर्गातून बहुधा एकच उत्तर येईल, 'सरांच्या हाताला गुण आहे'. न थोपटलेल्या मुलांचे आकडे त्याच वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे फळ्यावर असतील.